लेल्यांच्या विमानाची मोटर

आमच्या दुकानात येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘‘यातली चांगली कुठली?’’ इतकी वर्षं तो ऐकतेय, की हल्ली पायरीवर चपलांचा आवाज आला तरी मला दमायला होतं.

नारायण पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत हे, म्हणजे माझे मिस्टर, रिमोटवर उडणाऱ्या विमानांचं सामान विकतात. मागच्या खोलीत मी मोटरी तपासते. दुकानाआधी मी एका पंपांच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. तिथल्या मोटरी विहिरीत उतरायच्या, इथल्या आकाशात जातात. माझ्या बाजूने बघितलं तर काम तेच. मोटर चालू करायची, तिच्यावर ओझं टाकायचं आणि ती कुठे धापा टाकते ते बघायचं.

ज्यांना ही विमानं खेळण्यातली वाटतात त्यांच्यासाठी थोडं सांगते. कसरतीचं विमान दोन्ही हात पसरलेल्या माणसापेक्षा मोठं असतं. बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाचं. ते आकाशात उभ्या रेघेत वर जातं, लोळतं, मोठी वर्तुळं काढतं, आणि खाली उभे असलेले परीक्षक मार्क देतात. नुसती ताकद असून भागत नाही. वर जाताना आणि खाली येताना वेग एकसारखा दिसला पाहिजे. म्हणजे मोटरीने वर ओढायचं आणि खाली येताना पुढच्या पंख्याने ब्रेकसारखं धरूनही ठेवायचं. शिवाय ती हलकी हवी, तापायला नको आणि बॅटरी शेवटपर्यंत पुरायला हवी. एवढं सगळं एका मोटरीत मिळत नाही. कशावर तरी पाणी सोडावं लागतं. ते कशावर सोडायचं, हे सांगणं म्हणजे माझं काम.

पण हे ऐकून घ्यायची तयारी फार थोड्यांची असते. कोथरूडहून एक गृहस्थ येतात. इंटरनेटवरचं सगळं वाचून आलेले असतात. माझं सगळं ऐकून घेतात आणि मग म्हणतात, ‘‘पण तिथे तर वेगळं लिहिलंय.’’ एकदा हे पुढच्या खोलीतून म्हणाले, ‘‘मग तिथेच उडवा ना.’’ तरी पुढच्या महिन्यात ते परत आले. एका लग्नाच्या मांडववाल्याला नवरानवरीवर फुलं टाकणारं विमान हवं होतं. हॉलमध्ये. त्याला मी पंखा फिरवून दाखवला, एक जाडजूड गाजर त्यात घातलं, आणि गाजराचं काय झालं ते त्याने बघितलं. तो नमस्कार करून गेला.

असे खूप आले. सांगायचंय ते मात्र लेल्यांचं.

विनायक लेले बँकेतून निवृत्त झालेले. तऱ्हेवाईक म्हणता येणार नाहीत, पण शब्द मोजून बोलणारे आणि त्यातले निम्मे टोचणारे. विमान स्वतः बांधायचे. पंखाची एकेक फासळी कापून, घासून, वजन करून. उडवायची मात्र त्यांची मुलगी, ऋता. ती आयटीत आहे, लग्न होऊन बाणेरला असते. तिची आई म्हणायची, ‘‘दोघांनी त्या विमानातच राहायला जा, मला घर तरी आवरता येईल.’’

स्पर्धेत विमान उडवणाऱ्याच्या मागे एक माणूस उभा असतो. उडवणाऱ्याची नजर विमानावरून हलत नाही, म्हणून पुढची कसरत कुठली हे हा मागचा माणूस सांगतो. उंची किती, वारा कुठला, रेघ वाकडी जातेय का, सगळं सांगतो. त्याला आमच्यात कॉलर म्हणतात. ऋताचे कॉलर लेले. ती शाळेत असल्यापासून. तिच्या कानामागे उभे राहून ते बोलायचे आणि तिचे हात आपोआप हलायचे. मैदानावर लोक विमान सोडून या दोघांकडे बघत बसायचे.

तर या वर्षी लेल्यांनी नवं विमान बांधून पुरं केलं आणि बापलेकीत मोटरीवरून वाजलं.

लेल्यांकडे जुनी मोटर होती. लांबट, पुढे दातेरी चक्रं असलेली. मोटर जोरात फिरते आणि चक्रांमुळे पंखा सावकाश फिरतो, अशी रचना. चालू केली की तिची एक किणकिण यायची, थेट दातात जाणारी. ऋताने नवी आणली होती. बसकी, रुंद. तिचं बाहेरचं डबडंच चुंबकांसकट फिरतं, चक्रं-बिक्रं काही नाहीत. आवाज म्हणाल तर पंख्याचा घोंगावल्यासारखा, तोही पंखा मोठा असल्यामुळे मऊ.

दोघं एकदमच दुकानात आले.

‘‘काकू, तुम्ही सांगा,’’ ऋता म्हणाली. ‘‘बाबा ऐकतच नाहीये. जग कुठे गेलंय!’’

‘‘जगाला म्हणावं जा,’’ लेले म्हणाले. ‘‘वहिनी, दोन्ही लावून बघा. तुम्ही सांगाल ते.’’

‘‘नक्की? नंतर कुरकुर करायची नाही,’’ ऋता म्हणाली.

‘‘मी कधी कुरकुर केली?’’

यावर ऋता आणि हे, दोघंही एकदम हसले. लेल्यांना ते आवडलं नाही.

दोन मोटरींची तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवावं लागतं. बॅटरी तीच, तेवढीच भरलेली. पंखा तोच. मोटर एका सरकत्या चौकटीवर बसवते, ती पुढे किती ओढते ते काट्यावर कळतं. भोवती जाळी असते आणि पंख्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, हा माझा नियम. मग स्पर्धेत जसा वेग कमीजास्त होतो तसाच करत पूर्ण उड्डाणाएवढा वेळ चालवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या बंद खोलीत पंख्याचा वारा आणि आवाज सोसत उभं राहून माझा डावा कान गेलाय आणि कंबरही त्याच वाटेवर आहे.

ऋताला ऑफिस होतं, त्यामुळे तपासणीच्या दिवशी लेले एकटेच आले. ‘‘बसू का आत?’’ म्हणाले. मी एरवी कोणाला बसू देत नाही, पण त्यांना दिलं कोपऱ्यात स्टूल.

जुनी मोटर आधी लावली. लेले डोळे मिटून बसले होते. मी वेग वाढवला की हनुवटी वर जायची, कमी केला की खाली. मला वाटलं, म्हातारे झाले, पेंगतायत. मग नवी लावली. तिने काट्यावर पहिल्याच झटक्यात जास्त ओढ दाखवली आणि करंट कमी खाल्ला. लेल्यांची हनुवटी जागची हलली नाही.

उड्डाणाएवढा वेळ झाल्यावर मी मोटर बंद केली. तापमान बघायचं लहान यंत्र असतं, मोटरीवर रोखायचं की आकडा दिसतो. माझे हात गुंतले होते म्हणून ते लेल्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते रोखलं, जरा वेळ बघितलं.

‘‘ठीक आहे. फार नाही तापली,’’ ते म्हणाले.

मी यंत्र परत घेतलं. ते चालूच केलेलं नव्हतं.

दुसरं स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. तेवढ्यावरून त्यांना समजलं असावं.

‘‘मधलं दिसत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘कडेचं दिसतं. आत्ता तुमचे कान दिसतायत, चेहरा नाही. डोळ्यांत इंजेक्शनं घेतो. आणखी बिघडू नये म्हणून. गेलेलं परत येत नाही.’’

‘‘आणि हे विमान?’’

‘‘विमान हाताने बांधलं. बोटांना दिसतं सगळं.’’

‘‘मैदानावर काय करता मग? कॉलर तुम्ही आहात.’’

‘‘तेच.’’ ते जुन्या मोटरीच्या दिशेने वळले. ‘‘हिच्या आवाजावर चालवतो. वर जाताना वेगळा, वळताना वेगळा, लांब गेली की वेगळा. कसरतींचा क्रम पाठ आहे. गेल्या वर्षीची स्पर्धा अशीच केली. कोणाला कळलं नाही. ती तुमची नवी बया बोलतच नाही, वहिनी.’’

ऋताला त्यांनी सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत होतं. मी विचारलं, मुलीपासून का लपवता? तर म्हणाले, ‘‘रविवारी येते ती विमानासाठी. हे कळलं की डॉक्टरच्या फायली घेऊन येईल. मग रविवारभर माझ्या डोळ्यांवरच चर्चा. मला ते नकोय.’’

त्यांनी मला जुनी मोटर चांगली म्हणायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चिडून तरी घेता आलं असतं. ते नुसते बसून राहिले. नवी मोटर सगळ्या बाजूंनी सरस होती. वजनाला कमी, तापत नव्हती, उतरताना विमान नीट धरणारी. आणि जुनी त्या माणसाच्या हातातली काठी होती. माझ्या काट्यावर ते कुठे मोजणार?

शेवटी म्हटलं, ‘‘लेले, मी ऋताला खरं तेच सांगणार. नवी चांगली आहे. पण तुमचं तुम्ही सांगा. पहिल्या उड्डाणाच्या आधी. ते विमान माणसाच्या अंगावर गेलं तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन.’’

‘‘सांगतो,’’ ते म्हणाले. उठले, आणि दार बरोबर सापडावं म्हणून भिंतीला हात लावत गेले. आधी हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पहिलं उड्डाण हडपसरच्या पलीकडे, मांजरी गावाच्या पुढे, उसाच्या शेतांमधल्या एका पट्टीवर होतं. मी मैदानावर सहसा जात नाही. ऊन लागतं आणि उभं राहवत नाही. त्या दिवशी गेले. ह्यांना गाडी काढायला लावली. पोचलो तर ऋता नवी मोटर लावून, विमान जोडून तयार, चेहऱ्यावर आनंद मावत नाहीये. लेले तिच्या मागे उभे. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, ‘‘सांगितलंत?’’

‘‘उतरल्यावर सांगतो.’’

‘‘आधी ठरलं होतं.’’

‘‘वहिनी, एकदा उडू दे.’’

मी ऋताला हाक मारायला तोंड उघडलं तोवर तिने मोटर सोडली होती. विमान पट्टीवरून उचललं गेलं. आता मध्ये बोलणं म्हणजे जास्तच धोका. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काही माहीत नव्हतं, पण माझा हात त्यांच्या बाहीवर घट्ट होता.

विमान देखणंच होतं. पांढरं, पोटाला लाल पट्टे. वर गेलं तेव्हा आवाज असा नव्हताच. लेले क्रमाने सांगत होते. ‘‘उभी रेघ. अर्धा रोल. आता बाहेर ये.’’ सुरुवातीला जुळत होतं. मग वारा वाढला. ऋताला विमान वर न्यायला वेळ लागायला लागला. लेले मात्र मनातल्या ठेक्यावर पुढे गेले होते. विमान अजून उंचीवर पोचलंही नव्हतं आणि ते म्हणाले, ‘‘ओढ खाली.’’

ऋताने ओढलं. इतक्या वर्षांची सवय, विचार करायला ती थांबलीच नाही. विमान नाक खाली करून आलं, आणि खाली जागा नव्हती. तिने शेवटच्या क्षणी वर खेचलं. उसाचे शेंडे फाटल्याचा आवाज झाला, हिरव्या पात्यांचे तुकडे उडाले, आणि विमान एका अंगावर कलतं होऊन पलीकडून बाहेर निघालं. एक चाक गेलं होतं. ऋताने ते कसंबसं फिरवून पट्टीवर आणलं. पोटावर घसरत ते थांबलं.

तिने रिमोट खाली ठेवला आणि मागे वळली. भांडायलाच वळली होती. लेले अजून आकाशाकडे बघत होते. विमान जिथे कधी गेलंच नव्हतं तिकडे.

‘‘बाबा?’’ ती म्हणाली. ‘‘बाबा, विमान खाली आलंय.’’

‘‘हो, कळलं,’’ लेले म्हणाले. मग त्यांनी मान खाली घातली. ‘‘ऋता, मला विमान दिसत नाही.’’

त्यांनी सगळं सांगितलं. थोडक्यात, बँकेतला हिशेब सांगावा तसं. ती ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, ‘‘आईला माहितीये?’’

‘‘हो.’’

‘‘काकूंना?’’

यावर मीच ‘‘हो’’ म्हटलं. मी त्यांना काय बजावलं होतं, आत्ता हाक मारायला कसा उशीर झाला, हे काहीच मी सांगितलं नाही. तिने विमान उचललं, पंख काढले, गाडीत ठेवले. वडिलांना हाताला धरून गाडीत बसवलं. त्यांनी हात सोडवून घेतला, तिने परत धरला. आमचा निरोप न घेताच तिने गाडी सुरू केली.

त्यानंतर बरेच दिवस दोघांचा पत्ता नव्हता. मी बाकीच्यांच्या मोटरी चालवत होते आणि मनात म्हणत होते, झालं, हे विमान आता कपाटावर जाणार. ह्यांनी एकदा लेल्यांना फोन केला. ‘‘इंजेक्शन झालं, आराम चाललाय,’’ एवढंच कळलं.

एका शनिवारी ऋता आली. तिची नवी मोटर माझ्या टेबलावर ठेवली.

‘‘काकू, हिला आवाज हवाय.’’

मला वाटलं, माझ्या कानाने दगा दिला. आयुष्यभर लोक माझ्याकडे मोटरीचा आवाज कमी करायला आले. सोसायटीवाले तक्रार करतात, शेतकरी ओरडतात, म्हशी बुजतात.

‘‘आवाज?’’

‘‘बाबाला ऐकू जाईल असा. जुनी मोटर मी लावणार नाही, ती तापते, हवेत बंद पडली तर काय? पण हिचा आवाज वाढवता येईल ना?’’

‘‘दुसरा कॉलर का घेत नाहीस?’’ मी विचारलं.

‘‘घेतला होता.’’ ती स्टुलावर बसली. ‘‘खूप चांगला मुलगा आहे. सारखा ‘छान, छान’ म्हणतो. मी विमान नांगरासारखं चालवलं तरी छान. वैताग आला मला.’’ मग म्हणाली, ‘‘तुम्ही मला सांगायला हवं होतं, काकू.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘पण ते आधी त्यांनी सांगावं असं मला वाटलं.’’

तिने मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही, पण तो विषय तिथे संपला.

विजेच्या विमानात आवाज मुख्यतः पंख्याचा असतो. लहान पंखा लावला की मोटरीवर ओझं कमी, ती जास्त वेगाने फिरते, आणि पंख्याची टोकं किंचाळतात. पण त्याची किंमत मोजावी लागते. उभं वर जाताना ओढ कमी पडते, आणि खाली येताना लहान पंखा विमानाला धरून ठेवत नाही, ते धावत सुटतं. परीक्षक नेमकं तेच बघतात.

‘‘मार्क जातील,’’ मी म्हटलं.

‘‘जाऊ देत.’’

पुढच्या रविवारी ती लेल्यांना घेऊन आली. ते येताना कुरकुरत होते, ‘‘माझ्यासाठी चांगलं विमान बिघडवू नका.’’ मी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि एकामागून एक पंखे लावत गेले. माझ्या राहिलेल्या एका कानाला सगळे सारखेच किंचाळत होते. लेले सांगत होते, ‘‘हा नुसता गोंगाट. यात चढउतार नाही. हा बरा. अर्ध्यावर आणलात आत्ता? हां. आता पूर्ण. आता पाऊण.’’ एका पंख्याला त्यांनी हात वर केला. ‘‘थांबा. हाच. आता ही बोलते.’’

ऋता पाठमोरी उभी राहून खिडकीबाहेर बघत होती. बराच वेळ.

आता राहिला सुरक्षेचा प्रश्न. लेले आवाजावर कितीही हुशार असले तरी मला मांजरीचा ऊस विसरता येत नव्हता. मी म्हटलं, डोळे असलेला एक माणूस शेजारी उभा राहिलाच पाहिजे, नाहीतर ही मोटर मी देणार नाही. उंची कमी झाली की तो ‘वर’ म्हणेल, आणि तो म्हणाला की बाकी कोणाचं ऐकायचं नाही. त्यासाठी कमी बोलणारा माणूस हवा होता. तिघांनी एकदम पुढच्या खोलीकडे बघितलं.

‘‘मला बसायला खुर्ची मिळणार का?’’ ह्यांनी तिथूनच विचारलं.

सराव सुरू झाला. सुरुवातीचे रविवार वाईट गेले. लेले चुकायचे, चिडायचे, ‘‘पुरे झालं’’ म्हणून गाडीत जाऊन बसायचे. मग आपणच उतरून परत यायचे. ह्यांनी एकदा ढगाकडे बघत असताना ‘वर’ म्हणायला उशीर केला, तर ऋता त्यांना असं काही बोलली की लेले खूश झाले.

स्पर्धा मांजरीच्या त्याच पट्टीवर होती आणि त्या दिवशी वारा होता. ऋता रिमोट घेऊन उभी, मागे एका बाजूला लेले, दुसऱ्या बाजूला हे. बाकीची विमानं मऊ घोंगावत गेली होती. आमचं किंचाळत निघालं. परीक्षकांनीही माना वर केल्या. लेल्यांनी डोळे मिटले आणि बोलायला लागले. हळू, संथ. ऋताचे हात त्यांच्या शब्दांबरोबर हलत होते. वारा आला की ते स्वतः थांबायचे, आवाज वर पोचेपर्यंत वाट बघायचे, मग पुढचा शब्द. ह्यांना एकदाही ‘वर’ म्हणावं लागलं नाही. शेवटी विमान उतरलं आणि पंखा थांबला तेव्हा मला कळलं, माझी मान आखडून गेली होती.

नंबर आला नाही. वर जाताना दम कमी पडला, उतरताना धावलं. मार्क जिथे जाणार म्हणून सांगितलं होतं तिथेच गेले. आधीच्या मोठ्या पंख्यावर ती पहिल्या तिघांत आली असती, असं मला आजही वाटतं. ऋताला मी तसं म्हटलं, तर म्हणाली, ‘‘माहितीये काकू.’’

मी या दिवाळीनंतर मागची खोली बंद करतेय. उरलेला कान सांभाळायचा आहे. लोक विचारतात, आता मोटरी कोण तपासणार? मला खरंच माहीत नाही, आणि विचार करायचीही ताकद नाही.

स्पर्धेच्या दिवशी परतताना आम्ही चौघं एकाच गाडीत होतो. ऋता चालवत होती, लेले तिच्या शेजारी, मागे आम्ही दोघं. मी डोळे मिटून घेतले होते. मांजरी सुटते न सुटते तोच लेले म्हणाले, ‘‘तिसरी लूप लांबट झाली.’’

‘‘गोल होती!’’

‘‘वर गेल्यावर मोटरीचा वेग आधी कमी केलास. कानाला लांबट लागली.’’

‘‘बाबा, वारा होता.’’

‘‘वारा सगळ्यांनाच होता.’’

‘‘तू कधीतरी एकदा तरी म्हणशील का, की चांगलं उडवलंस?’’

‘‘त्यासाठी तो तुझा दुसरा कॉलर आहे ना. छान, छान.’’

हडपसरच्या सिग्नलला दोघं अजून तिसऱ्या लूपवरच होते. ती हातवारे करून वर्तुळ दाखवत होती आणि ते तिकडे न बघता ‘नाही, नाही’ म्हणत होते. ह्यांनी माझ्याकडे वाकून माझ्या चांगल्या कानाशी विचारलं, ‘‘सांगू का गप्प बसायला?’’

मी म्हटलं, ‘‘नको. चालू दे.’’